राक्षस मेला, डोळे का भरले?

राक्षस मेला की गोष्ट संपते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. राक्षस गावाला छळतो, कोणी शूर पुढे येतो, राक्षस मरतो आणि गाव सुटकेचा निःश्वास टाकते. त्याच्या मरणाचे दुःख करावे असे गोष्ट सांगणाऱ्याला वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. विसाव्या शतकात चित्रपटाने राक्षसांच्या गोष्टी सांगायला घेतल्या, तेव्हा मात्र काही वेगळेच घडले. महाकाय प्राणी पडद्यावर मरू लागला आणि प्रेक्षागृहातल्या लोकांचे डोळे भरून येऊ लागले. ज्याने शहर पायाखाली तुडवले, त्याच्यासाठी!

विज्ञानाच्या मासिकात चित्रपटांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की या गाजलेल्या मरणांपैकी प्रत्येकामागे एखादी खरी घटना आहे, आणि ती घटना विज्ञानाच्या इतिहासातली आहे. कुठे एखादी मोहीम, कुठे एखादी चाचणी, कुठे एखादा अपघात. राक्षस खोटा असतो, पण ज्या कारणाने तो येतो आणि मरतो ते कारण खरे असते. वर्गातल्या मुलांना गॉडझिला ठाऊक असतो. जी पांढरी राख त्याच्या जन्माला निमित्त झाली, ती फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून हा लेख.

इमारतीवरचा वानर

सुरुवात अमेरिकेपासून करू. मार्च १९३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'किंग काँग' हा चित्रपट प्रदर्शित झाला. दूरच्या एका बेटावर राहणारा प्रचंड वानर माणसे पकडून आणतात, साखळदंडांनी बांधून नाट्यगृहात त्याचे प्रदर्शन मांडतात. तो साखळ्या तोडून पळतो आणि एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या टोकावर चढतो. ही इमारत त्या वेळी जगातली सर्वांत उंच होती आणि उघडून जेमतेम दोन वर्षे झाली होती. विमाने घिरट्या घालत गोळ्या झाडतात. वानर आपल्या छातीवरच्या जखमेला बोट लावून पाहतो, हातातल्या तरुणीला सांभाळून खाली ठेवतो, आणि मग त्याचा तोल जातो.

हा वानर म्हणजे दीड-दोन फुटांची बाहुली होती. आत धातूचा सांगाडा, वर रबर आणि कापूस, त्यावर सशाची कातडी. विलिस ओब्रायन यांच्या मार्गदर्शनाखाली ही बाहुली एका वेळी केसभर हलवायची, एक चित्रचौकट टिपायची, पुन्हा हलवायची, असे काम चाले. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. बाहुलीला प्रत्येक वेळी हात लागल्याने तिचे केस किंचित विस्कटत आणि पडद्यावर ते वाऱ्याने हलल्यासारखे दिसत. जखमेला बोट लावण्याची ती क्षणभराची हालचाल कोणीतरी तासन्‌तास बसून घडवलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मरणातली ममता कोठून आली याचा थोडा उलगडा होतो.

मूळ कल्पनेमागे एक खरी हकीकत होती. १९२६ मध्ये डग्लस बर्डेन हे अमेरिकन गृहस्थ आजच्या इंडोनेशियातील कोमोडो बेटावर गेले आणि तेथील प्रचंड घोरपडींपैकी दोन जिवंत घेऊन न्यूयॉर्कला परतले. ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयात त्या ठेवल्या गेल्या, पाहायला गर्दी लोटली आणि थोड्याच काळात दोन्ही मेल्या. बर्डेन हे 'किंग काँग'चे एक दिग्दर्शक मेरियन कूपर यांचे मित्र. दूर बेटावरचा राजा, महानगरातला पिंजरा आणि मृत्यू हा आराखडा कूपर यांना या हकीकतीत तयारच मिळाला.

आणखी एक तपशील सांगण्याजोगा आहे. वानरावर शेवटच्या गोळ्या झाडणाऱ्या विमानात जे दोघे बसलेले दिसतात, ते स्वतः कूपर आणि त्यांचे सहदिग्दर्शक अर्नेस्ट शोडसॅक आहेत. ज्यांनी वानराला जन्म दिला त्यांनीच त्याला मारण्याची भूमिका घेतली. त्यांनी ती गमतीने घेतली असेल, पण या साऱ्या चित्रपटांचे मर्म त्यात आले आहे. मारणारे हात आणि त्याला तेथवर आणणारे हात एकाच माणसाचे असतात.

पांढरी राख

'किंग काँग' १९५२ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि जोरात चालला. त्या यशामुळे अशा प्राण्यांच्या चित्रपटांना पुन्हा मागणी आली. १९५३ मध्ये अमेरिकेतच एक चित्रपट आला, त्यात उत्तर ध्रुवाकडील बर्फात निद्रिस्त असलेला प्राचीन सरडा अणुस्फोटाने जागा होतो. म्हणजे 'अणुस्फोटाने जागा झालेला प्राणी' ही कल्पना जपानने प्रथम मांडली असे नाही. पण अमेरिकेत जी एक कल्पना होती, ती जपानमध्ये १९५४ च्या वसंतात वर्तमानपत्रातली बातमी होती.

१ मार्च १९५४ रोजी पॅसिफिक महासागरातील बिकिनी कंकणद्वीपावर अमेरिकेने एका हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. चाचणीचे नाव 'कॅसल ब्राव्हो'. स्फोटाची शक्ती सुमारे ६० लाख टन टीएनटीएवढी असेल असा हिशेब होता. प्रत्यक्षात ती सुमारे १ कोटी ५० लाख टनांएवढी भरली, म्हणजे हिरोशिमावरच्या बाँबच्या साधारण हजारपट. हिशेब चुकला कोठे? बाँबच्या इंधनात लिथियमची दोन समस्थानिके होती. त्यांपैकी लिथियम-६ पासून ट्रिटियम तयार होते हे ठाऊक होते. लिथियम-७ मात्र फारसा भाग घेणार नाही असे धरले होते. वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्यात त्यानेही ट्रिटियम दिले, वर आणखी न्यूट्रॉन दिले, आणि स्फोट अपेक्षेच्या अडीचपट झाला. समस्थानिकांचा धडा शिकवताना हे उदाहरण अवश्य सांगावे. कागदावरचे एक गृहीतक चुकले की त्याचे मोल कोण देते, हे त्यातून कळते.

त्या पहाटे बिकिनीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, घोषित धोक्याच्या क्षेत्राच्या बाहेर, 'दाइगो फुकुर्यू मारू' नावाचे जपानी मासेमारी जहाज ट्यूना पकडत होते. नावाचा अर्थ 'भाग्यवान ड्रॅगन क्रमांक ५'. जहाजावर २३ माणसे होती. पश्चिमेकडे आकाश उजळले, काही मिनिटांनी गडगडाट ऐकू आला आणि काही तासांनी आकाशातून पांढरी भुकटी पडू लागली. ती स्फोटाने भाजून निघालेल्या प्रवाळाची राख होती आणि तिच्यात किरणोत्सर्गी द्रव्ये मिसळलेली होती. खलाशांनी मासेमारीचे दोर ओढण्याचे काम तसेच चालू ठेवले. राख केसांत, कानांत, कपड्यांत शिरली. १४ मार्चला जहाज याइझू बंदरात परतले, तेव्हा माणसांची कातडी काळवंडली होती, फोड आले होते, केस गळत होते.

पुढे महिनोन्‌महिने जपानमध्ये मासळीबाजारात गायगर गणित्र घेऊन माणसे फिरत होती. शेकडो बोटींनी आणलेले मासे पुरून किंवा समुद्रात फेकून द्यावे लागले. पावसातही किरणोत्सर्ग आढळला. जहाजावरचे बिनतारी संदेशक कुबोयामा आइकिची २३ सप्टेंबर १९५४ रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारले. मृत्यूचे नेमके कारण काय यावर वाद झाला. जपानी डॉक्टरांनी किरणोत्सर्गाकडे बोट दाखवले, तर अमेरिकेच्या बाजूने उपचारात दिलेल्या रक्तामुळे झालेल्या यकृताच्या विकाराकडे. पण राख अंगावर पडली नसती तर ते रक्त देण्याची वेळच आली नसती, हे दोन्ही बाजूंना नाकारता येण्याजोगे नव्हते.

राख फक्त जपानी खलाशांवरच पडली असे नाही. मार्शल बेटांपैकी रोंगेलॅपसारख्या बेटांवरील रहिवाशांवरही ती पडली, मुले तिच्यात खेळली, आणि त्यांना तेथून हलवायला दोन दिवस लागले. त्यांच्यावर कोणी तेव्हा राक्षसाचा चित्रपट काढला नाही.

आपल्या देशातही या स्फोटाचा प्रतिध्वनी उमटला होता. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याचा करार व्हावा असे आवाहन केले. अणुचाचण्या थांबवा असे जाहीरपणे म्हणणाऱ्या जगातल्या पहिल्या शासनप्रमुखांत त्यांची गणना होते.

टोक्योच्या उपसागरात

याच सुमारास तोहो या जपानी चित्रसंस्थेचे निर्माते तानाका तोमोयुकी यांचा इंडोनेशियाबरोबरचा एक ठरलेला चित्रपट रद्द झाला होता. त्या जागी तातडीने दुसरा विषय हवा होता. बिकिनीच्या बातम्या समोर होत्या. गोरिला आणि जपानी भाषेतला 'कुजिरा' म्हणजे देवमासा, या दोन शब्दांच्या मिश्रणातून 'गोजिरा' हे नाव तयार झाले. जग त्याला गॉडझिला म्हणून ओळखते. दिग्दर्शक होते होंडा इशिरो. युद्धात चीनमध्ये सैनिक असलेले होंडा १९४६ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा त्यांनी उद्ध्वस्त हिरोशिमा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. संगीतकार इफुकुबे आकिरा यांनी युद्धकाळात लाकडावर संशोधन केले होते. शिशाच्या टंचाईमुळे संरक्षणाविना क्ष-किरणांचे काम करावे लागून त्यांना स्वतःलाच किरणांची बाधा झाली होती. म्हणजे ज्यांनी हा राक्षस घडवला, त्यांना किरणोत्सर्ग हा शब्द पुस्तकातून ठाऊक झालेला नव्हता.

३ नोव्हेंबर १९५४ रोजी, म्हणजे कुबोयामा वारल्यानंतर ४१ दिवसांनी, चित्रपट प्रदर्शित झाला. त्याची सुरुवात एका बोटीपासून होते. खलाशी डेकवर निवांत बसले आहेत, अचानक समुद्र डोळे दिपवणाऱ्या प्रकाशाने उजळतो आणि बोट पेट घेते. 'भाग्यवान ड्रॅगन'चे नाव कोठेही घेतलेले नाही. घेण्याची गरजही नव्हती.

पुढे राक्षस टोक्योवर चालून येतो. पण होंडा यांचा कॅमेरा राक्षसापेक्षा माणसांकडे अधिक पाहतो. एक आई आपल्या मुलांना कवटाळून जळत्या इमारतीच्या पायथ्याशी बसली आहे आणि लवकरच आपण तुमच्या बाबांकडे जाऊ असे त्यांना सांगते आहे. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या दालनात जखमींच्या रांगा आहेत आणि एका लहान मुलासमोर धरलेले गायगर गणित्र टकटक वाजते आहे. प्रेक्षकांतल्या अनेकांनी नऊ वर्षांपूर्वी अशी दालने पाहिली होती.

आता मरणाकडे येऊ. डॉ. सेरिझावा हा तरुण शास्त्रज्ञ, युद्धात एक डोळा गमावलेला. पाण्यातील प्राणवायू नष्ट करून सजीवांचा सांगाडा करून टाकणारे एक द्रव्य त्याच्या हाती आले आहे. त्याचा विधायक उपयोग सापडेपर्यंत ते कोणालाही कळू द्यायचे नाही असा त्याचा निश्चय आहे, कारण एकदा ते जगाने पाहिले की राज्यकर्ते त्याचे शस्त्र करणार हे तो जाणतो. शेवटी दूरदर्शनवर उद्ध्वस्त शहराची दृश्ये आणि शाळकरी मुलींची शांतीची प्रार्थना ऐकून तो विरघळतो. एकदाच वापरायचे असे ठरवतो आणि आपले सगळे कागद जाळून टाकतो. पाणबुड्याचा पोशाख घालून तो उपसागराच्या तळाशी उतरतो, द्रव्य सोडतो, आणि सोबत्याला वर पाठवून स्वतःची दोरी कापतो. कागद जळाले, पण सूत्र त्याच्या डोक्यात आहे, म्हणून डोकेही परत जायला नको.

राक्षस तळाशी शांत पहुडलेला असतो. त्या क्षणी तो कोणावरही हल्ला करत नसतो. तो एकदा पृष्ठभागावर येतो, आक्रंदतो आणि बुडतो. खाली फक्त हाडे उरतात, मग तीही नाहीशी होतात. जहाजावर कोणी जल्लोष करत नाही, माणसे टोप्या काढून उभी राहतात. तरुण नायकाचे काम करणारे ताकारादा आकिरा यांनी पुढे अनेकदा सांगितले, की चित्रपट प्रथम पाहताना ते स्वतः रडले होते. या प्राण्याला शिक्षा का व्हावी, हा प्रश्न त्यांना पडला होता. प्रश्न रास्त होता. प्राण्याने बाँब फोडला नव्हता. बाँबने त्याला घरातून हुसकावले होते, खलाशांना भाजले होते तसेच. मारेकरी आणि मेलेले दोघेही एकाच राखेचे बळी होते.

अखेरीस वृद्ध जीवशास्त्रज्ञ डॉ. यामाने स्वतःशीच बोलावे तसे सांगतात, की हा शेवटचाच होता असे वाटत नाही, चाचण्या चालू राहिल्या तर कोठेतरी दुसरा येईल.

दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, याच चित्रपटाची अमेरिकन आवृत्ती निघाली. एका अमेरिकन वार्ताहराचे नवे प्रसंग चित्रित करून जोडले गेले आणि जुने बरेच काही कापले गेले. आगगाडीत किरणोत्सर्गी माशांबद्दल आणि आपण नागासाकीतून वाचल्याबद्दल बोलणारी तरुणी गेली. यामाने यांचा शेवटचा इशाराही गेला. त्याऐवजी आता जग पुन्हा सुखाने जगू शकेल असा दिलासा आला. राक्षस तोच, मरणही तेच. पण इशारा काढला की मरणाचा अर्थ बदलतो आणि उरते ती राक्षस मेला, गोष्ट संपली, ही जुनी कथा. जपानबाहेरच्या बहुतेक प्रेक्षकांनी कित्येक दशके हीच आवृत्ती पाहिली.

अशक्य शरीर

विज्ञानशिक्षक म्हणून आपल्याला हेही विचारले पाहिजे, की असा प्राणी असू शकेल का? चित्रपटातील गॉडझिलाची उंची ५० मीटर मानली आहे. मुलांकडून एक गणित करून घ्यावे. समजा, ५ मीटर उंचीचा आणि ८ टन वजनाचा एक डायनोसॉर आहे. त्याला सर्व बाजूंनी दहापट मोठे केले तर उंची ५० मीटर होईल. वजन घनफळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ते १००० पट, म्हणजे ८००० टन होईल. पण पायाच्या हाडाची ताकद त्याच्या काटछेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि ते वाढेल फक्त १०० पट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार. पहिले पाऊल टाकतानाच पाय मोडेल. ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ मध्येच आपल्या ग्रंथात मांडली होती. पुढे भारतात स्थायिक झालेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मधील एका निबंधात ती फार रंजकपणे सांगितली. आजवरचा सर्वांत जड प्राणी असलेला निळा देवमासाही समुद्राने तोलून धरला आहे म्हणूनच जगतो. किनाऱ्यावर अडकला तर स्वतःच्याच वजनाने गुदमरतो.

चित्रपटात इतरही चुका आहेत. डॉ. यामाने ज्युरासिक काळ वीस लाख वर्षांपूर्वीचा सांगतात. प्रत्यक्षात तो सुमारे २० कोटी ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीचा. राक्षसाच्या पाऊलखुणेत एक ट्रायलोबाइट सापडतो. पण ट्रायलोबाइट ज्युरासिक काळ सुरू होण्यापूर्वीच, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, नामशेष झाले होते. मात्र तेच यामाने पाऊलखुणेच्या मातीत स्ट्रॉन्शियम-९० सापडल्याचे सांगतात, ते अगदी खऱ्या धोक्यावर बोट ठेवणारे आहे. हायड्रोजन बाँबच्या राखेत हे द्रव्य असते. रासायनिक गुणधर्मांत ते कॅल्शियमसारखे असल्याने गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत-दातांत जाऊन बसते. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे २९ वर्षे आहे.

मग अशक्य शरीर पडद्यावर खरे का वाटते? त्याचेही एक गणित आहे. रबराच्या अतिजड पोशाखात नाकाजिमा हारुओ नावाचा नट १/२५ प्रमाणाच्या शहरातून चालत असे. त्याने प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वले कशी पावले टाकतात याचे निरीक्षण केले होते. पण छोटी इमारत फार चटकन पडते. खाली पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ५० मीटरवरून वस्तू पडायला सुमारे ३.२ सेकंद लागतात, २ मीटरवरून सुमारे ०.६४ सेकंद. उंचीत २५ पट फरक, वेळेत ५ पट. म्हणून कॅमेरा पाचपट वेगाने चालवून चित्र टिपले आणि नेहमीच्या वेगाने दाखवले, तर छोट्याशा प्रतिकृतीलाही डोंगराचे वजन येते. विशेष दृश्यांचे प्रमुख त्सुबुराया एइजी वेगवान कॅमेऱ्याचे हे तंत्र जाणून होते. गॉडझिलाच्या चालण्यातली आणि मरणातली जी संथ, थकलेली लय आपल्याला हलवते, ती गुरुत्वाकर्षणाच्या नियमातून आलेली आहे.

वितळणारे हृदय

पुढे गॉडझिलाचे अनेक चित्रपट निघाले. काहींत तो मुलांचा लाडका रक्षक झाला. मरणाचे गांभीर्य परतले ते डिसेंबर १९९५ मधील 'गॉडझिला विरुद्ध डेस्टोरोया' या चित्रपटात. मधल्या काळात जगाने मार्च १९७९ मध्ये थ्री माइल आयलंड आणि एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिल पाहिले होते. भीती आता बाँबपुरती उरली नव्हती, अणुभट्टीचीही होती. त्यामुळे या चित्रपटात गॉडझिलाचे हृदय हीच एक अणुभट्टी आहे आणि ती आवरेनाशी झाली आहे. अंगावर जागोजाग लाल निखारे फुललेले आहेत. समोरचा राक्षस त्याच्या पिल्लाला उंचावरून टाकतो. गॉडझिला पिल्लाजवळ येतो, आपला श्वास त्याला देऊ पाहतो, पिल्लू हलत नाही. त्यानंतर तो स्वतः वितळत जातो आणि माणसे गोठवणाऱ्या शस्त्रांनी त्याचा शेवट आटोक्यात ठेवू पाहतात. संगीत पुन्हा इफुकुबे यांचेच होते, आणि चित्रपटासाठी त्यांनी दिलेले ते अखेरचे संगीत ठरले.

भट्टी बंद केल्यावरही का वितळते, हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे. साखळी अभिक्रिया थांबली तरी इंधनात साठलेली किरणोत्सर्गी द्रव्ये क्षय पावत राहतात आणि उष्णता देतात. भट्टी बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते. ऐकायला थोडी, पण पाणी फिरवून ती सतत काढून घेतली नाही तर गाभा वितळवायला पुरेशी. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे नेमके हेच घडले. भूकंप होताच चालू भट्ट्या बंद झाल्या होत्या, पण सुनामीच्या पाण्याने वीज गेली आणि थंड करणारे पाणी थांबले. चित्रपटातला शेवट मात्र विज्ञानाला सोडून आहे. शहरभर पसरलेला किरणोत्सर्ग पिल्लू शोषून घेते आणि जिवंत होते. किरणोत्सर्गी द्रव्य कोणी शोषले म्हणून नाहीसे होत नाही, ते आपल्या गतीनेच क्षय पावते.

सेरिझावाचे उत्तर

या सगळ्या मरणांत आम्हाला सर्वांत विचार करायला लावते ते राक्षसाचे नव्हे, सेरिझावाचे मरण. शास्त्रज्ञाने घातक शोधाचे काय करावे? सेरिझावाचे उत्तर आहे, कागद जाळावेत आणि आपणही जावे. उत्तर उदात्त आहे, पडद्यासमोर बसलेल्याचा गळा दाटून येतो. पण ते बरोबर आहे का?

इतिहास तसे सांगत नाही. अमेरिकेने १९४५ मध्ये अणुबाँब केला, सोव्हिएत संघाने १९४९ मध्ये आणि ब्रिटनने १९५२ मध्ये. निसर्गाचा नियम एकाच्या डोक्यात कोंडून ठेवता येत नाही. एकाने जाळलेली वही दुसरा पुन्हा लिहितो. गंमत अशी, की १९९५ च्या चित्रपटाने हेच मान्य केले आहे. त्यात एक नवा शास्त्रज्ञ, अन्नटंचाई दूर करण्याच्या सद्‌हेतूने, सेरिझावाच्या शोधाच्या अगदी जवळ येऊन ठेपतो. आणि नवा राक्षस जन्मतो तो सेरिझावाच्या द्रव्याने तळाच्या मातीवर केलेल्या परिणामातून. १९५४ मध्ये सेरिझावाच्या वाग्दत्त वधूचे काम करणारी नटी कोची मोमोको ४१ वर्षांनी त्याच भूमिकेत पुन्हा येते आणि ते शस्त्र परत बनवू नका असे विनवते.

खऱ्या जगात दुसरे एक उत्तर दिले गेले. जोसेफ रॉटब्लाट हे पोलंडमध्ये जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात होते. जर्मनी बाँब बनवत नाही हे कळताच १९४४ च्या अखेरीस ते प्रकल्प सोडून निघून गेले. 'भाग्यवान ड्रॅगन'वरील राखेचे जपानी शास्त्रज्ञांनी केलेले पृथक्करण त्यांच्या हाती आले, तेव्हा त्यांनी त्यावरून बिकिनीचा बाँब कसा होता हे ताडले. जेवढे सांगितले जात होते त्याहून तो कितीतरी अधिक किरणोत्सर्ग पसरवणारा आहे, हे त्यांनी जाहीर केले. ९ जुलै १९५५ रोजी प्रसिद्ध झालेल्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे, आणि जपानचे युकावा हिदेकी यांचीही. १९५७ पासून पगवॉश परिषदांमधून त्यांनी दोन्ही गटांतल्या शास्त्रज्ञांना एका टेबलाशी बसवले. १९९५ चे नोबेल शांतता पारितोषिक रॉटब्लाट आणि पगवॉश यांना मिळून देण्यात आले. सेरिझावाने ज्ञान लपवले, रॉटब्लाट यांनी ते उघड केले. सेरिझावाने दोरी कापली, रॉटब्लाट वर आले आणि पुढची पन्नास वर्षे बोलत राहिले.

केवळ शास्त्रज्ञच बोलले असे नाही. टोक्योच्या सुगिनामी भागात गृहिणींनी हायड्रोजन बाँबविरोधी सह्या गोळा करायला सुरुवात केली. ऑगस्ट १९५५ पर्यंत देशभरातून तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. या लाटेतूनच पुढच्या वर्षी अणुबाँबपीडितांची 'निहोन हिदानक्यो' ही संघटना उभी राहिली, आणि तिला २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. वातावरणात, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या न करण्याचा करार १९६३ मध्ये झाला. चाचण्या त्यानंतरही जमिनीखाली चालू राहिल्या, तरी मुलांच्या दुधात नवे स्ट्रॉन्शियम येण्याला त्यामुळे मोठा आळा बसला. हे काम कोणत्याही अद्भुत द्रव्याने केलेले नाही. मोजमापे, लेख, सभा आणि सह्या यांनी केले.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. वरच्या वर्गांतील मुलांना यांपैकी एखाद्या चित्रपटाची गोष्ट सांगावी आणि फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात चित्रपटातले काय अशक्य आहे ते मुलांनी लिहावे, दुसऱ्यात काय खरे आहे ते. पहिला रकाना भराभर भरेल. ५० मीटरचे शरीर, वीस लाख वर्षांचा ज्युरासिक काळ, हाडे विरघळवणारे द्रव्य. दुसरा सावकाश भरेल, पण त्यातच इतिहास आहे. त्यानंतर मुलांना विचारावे, की सेरिझावाच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? उत्तरे वेगवेगळी येतील आणि तशीच ती यावीत.

'भाग्यवान ड्रॅगन' हे जहाज पुढे काही वर्षे मत्स्यविद्येच्या विद्यार्थ्यांना घेऊन फिरले, मग टोक्योच्या कचरा टाकण्याच्या एका बेटाजवळ बेवारस पडले. ते मोडीत निघणार असे दिसताच लोकांनी चळवळ केली, आणि १९७६ पासून त्याच बेटावरच्या एका संग्रहालयात ते जतन केलेले आहे. लाकडी आहे, कोणाही मासेमारी करणाऱ्याच्या जहाजासारखे. गॉडझिला त्या उपसागरात कधीच मेला नाही. हे जहाज मात्र त्याच किनाऱ्यावर उभे आहे आणि पाहायला मिळते.